बंद टीव्ही युनिटमधल्या कन्सोलला पीसीचे फॅन बाहेरून वीज देऊन कसे लावावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर कोल्हापूरजवळ उचगावात. एका बाजूला हायवे, आसपास शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, आणि गळीत हंगामात गच्चीवर पडणारी काळी काजळी. टीव्ही युनिटच्या दोन बंद कप्प्यांत पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एस ठेवले आहेत. जुन्या पीसीतून निघालेले १२० मिमीचे दोन फॅन पडून आहेत. ते कन्सोलच्या यूएसबीवर चालवून कप्प्यातली धूळ बाहेर ओढता येईल का?

फॅन लावा, पण दोन गोष्टी उलट कराव्या लागतील. फॅनने कप्प्यातली हवा बाहेर ओढायची नाही, बाहेरची गाळलेली हवा आत ढकलायची. आणि यूएसबीतून फॅनला वीज द्यायची नाही, तिथून फक्त कन्सोल चालू झाल्याचा इशारा घ्यायचा. वीज वेगळ्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरची.

आधी हवेचं बघू, कारण वायरिंग अचूक जमलं आणि हवा चुकली तर कन्सोल आधीपेक्षा लवकर भरतो.

फॅन धूळ घालवत नाही, हवा हलवतो. कप्प्यातून हवा बाहेर ओढलीत की आत दाब कमी होतो आणि तेवढीच हवा मिळेल तिथून आत शिरते. दाराची फट, केबलचं भोक, मागच्या प्लायचा जोड, सगळीकडून. या वाटांवर फिल्टर नसतो. महिन्याभराने टॉर्च मारून पाहिलंत तर नेमक्या त्या फटींच्या कडेला करड्या रेघा दिसतात. उलट फिल्टरमधून हवा आत ढकललीत की आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहतो आणि त्याच फटींतून हवा बाहेर सुटत राहते. धुळीला यायला एकच वाट उरते, ती म्हणजे फिल्टर. त्यामुळे दोन फॅन असतील तर एक आत आणि एक बाहेर अशी वाटणी करू नका. दोन्ही आत ढकलणारे लावा. बाहेर जायला नुसतं भोक पुरतं.

किती हवा लागेल? पीएस५ जड गेम चालवताना साधारण २०० वॉट घेतो, सिरीज एस ७५-८० वॉटच्या आसपास. घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन कप्प्यात उतरते. हिशेब सोपा आहे: वॉटला ३ ने गुणायचं आणि तापमान किती अंश वाढलेलं चालेल त्याने भागायचं, की ताशी घनमीटर हवा मिळते. हा ३ समुद्रसपाटीचा आकडा. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात हवा तापून आणखी विरळ होते, म्हणून ३.३ धरा. २०० वॉट आणि ६ अंश धरले तर ताशी ११० घनमीटर होतात. फॅनच्या खोक्यावर आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असा असतो, तेव्हा १.७ ने भागा: सुमारे ६५ सीएफएम.

चांगल्या १२० मिमी फॅनवर ५५ ते ६० सीएफएम लिहिलेलं असतं, पण तो आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा. फिल्टर आणि जाळी लावली की निम्मं मिळेल असं धरून चाला. म्हणजे दोन फॅन मिळून ५५-६० सीएफएम, आणि कप्प्यातली हवा खोलीपेक्षा सात-एक अंश जास्त. कन्सोलची गरम हवा मागच्या भोकातून सरळ बाहेर पडत असेल तर त्याला ओढायला मिळणारी हवा याहून बरीच थंड असते.

यावरून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सोनीने पीएस५ साठी आसपासचं तापमान ५ ते ३५ अंश सांगितलं आहे. एप्रिल-मेच्या दुपारी एसी नसलेली खोली ३४ वर असेल तर कप्प्याचं दार लावून हे गणित कुठल्याच फॅनने सुटत नाही. तेवढे दोन महिने दुपारी खेळायचं तर दार उघडं ठेवा. थोडी धूळ बसेल, ती पुसता येते.

फिल्टर हा यातला खरा भाग, आणि त्यातच लोक काटकसर करतात. पीसीच्या कॅबिनेटला लावतात ती नायलॉनची बारीक जाळी केस, कापसाचे तंतू आणि रस्त्याची जाड माती अडवते. कारखान्याची काजळी, चिपाडाची राख आणि फाउंड्रीची बारीक भुकटी तिच्यातून आरपार जाते. तुमच्या भागात जाळीच्या आत न विणलेल्या कापडाचा फिल्टर हवाच, एसी आणि डक्टिंगवाले जी४ ग्रेड म्हणून विकतात तो. जाळी बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे मोठा कचरा तिच्यावर अडतो आणि कापड जास्त दिवस टिकतं. हेपा, म्हणजे एअर प्युरिफायरमधला अतिबारीक फिल्टर, लावायचा मोह आवरा. पीसी फॅनची दाब द्यायची ताकद पाण्याच्या २ मिलिमीटर उंचीइतकी, म्हणजे २० पास्कल. हेपापुढे तो नुसता गरगरतो, हवा जवळजवळ सरकत नाही.

कापडही फॅनच्या तोंडावर घट्ट चिकटवू नका. १२० मिमी फॅनची पाती ज्या जागेतून हवा ढकलतात ती जागा जेमतेम ९० चौरस सेंटिमीटर. फिल्टर तेवढाच ठेवला तर हवा त्यातून जोरात ओढली जाते, अडथळा वाढतो आणि बारीक कण कापडातून खेचले जातात. एका फॅनला २० बाय २० सेंटिमीटर, म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर फिल्टर द्या. हवेचा वेग पावपटीहून कमी होतो, अडथळाही त्याच मापात उतरतो आणि सफाई लांबते. फिल्टर आणि फॅन यांच्यात २५ ते ३० मिमी मोकळी जागा ठेवा. नाहीतर फॅनच्या मधल्या बोंडासमोरचं कापड कोरं राहतं आणि भोवती काळं वर्तुळ उमटतं. काढलेल्या फिल्टरवर असं वर्तुळ दिसलं तर समजा, जागा कमी पडली.

यासाठी २० बाय ४० चा, ४० मिमी खोलीचा उथळ खोका लागेल. सुतार १२ मिमी प्लायमध्ये करून देईल. पत्र्याचा हवा असेल तर उद्यमनगरात लेझर कटिंगवाल्याकडे ड्रॉइंग द्या. माप असं: फॅनचं भोक ११५ मिमी व्यासाचं, स्क्रूच्या चार भोकांची केंद्रं एकमेकांपासून १०५ मिमीवर चौकोनात. १४० मिमीचा फॅन असेल तर स्क्रूचं अंतर १२४.५ मिमी. घरीच करायचं असेल तर साडेचार इंची होल सॉ वापरा, तो ११४ मिमीचं भोक पाडतो आणि तेवढं चालतं. सनमायकाच्या बाजूने कापू लागलात तर कड फुटते. आधी मास्किंग टेप लावा, मधलं छोटं भोक आरपार पाडा आणि निम्मं निम्मं दोन्ही बाजूंनी कापा.

फॅनची जाडी २५ मिमी आणि युनिटचा प्लाय १८ मिमी, म्हणून एम४ चा ५० मिमी बोल्ट, वॉशर आणि नट. फॅन आणि प्लाय यांच्यात दारे-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी चारही बाजूंनी चिकटवा. तिच्यामुळे थरथर प्लायमध्ये उतरत नाही आणि फॅनच्या कडेने बिनगाळलेली हवाही शिरत नाही. बोल्ट फार आवळू नका, फॅनची चौकट वाकते आणि पाती घासते. हवेची दिशा ओळखायची खूण म्हणजे ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे आणि स्टिकर दिसतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू कप्प्याच्या आत.

फॅन खाली आणि पुढच्या भागात, बाहेर जायचं भोक मागे. पीएस५ पुढच्या बाजूच्या दोन्ही फटींतून हवा घेतो आणि गरम हवा पूर्ण पाठीतून सोडतो, म्हणून त्याच्या पाठीसमोरच भोक हवं. कन्सोलभोवती १० सेंटिमीटर मोकळे ठेवा. सिरीज एस आडवा ठेवला तर त्याच्या काळ्या गोल जाळीतून गरम हवा वर जाते. त्याच्या कप्प्याला भोक मागे वरच्या कोपऱ्यात पाडा आणि त्या जाळीवर काही ठेवू नका. दोन कप्पे असतील तर प्रत्येकाला आपला फॅन आणि आपलं भोक. एका कप्प्याची गरम हवा दुसऱ्यात सोडून वाचवलेलं भोक महागात पडतं. मात्र तेव्हा पीएस५ च्या वाट्याला एकच फॅन येतो, आणि तो ३० सीएफएमच्या आसपास देतो. म्हणून तिथे १४० मिमीचा नवीन फॅन घ्या किंवा दोन्ही जुने त्याच्या कप्प्याला लावून सिरीज एसला तिसरा आणा. माझं मत दुसऱ्या पर्यायाला.

पीएस५ च्या मागचं भोक सुरुवातीला १५० ते १८० चौरस सेंटिमीटरचं ठेवा, म्हणजे साधारण १० बाय १७. मग उदबत्ती पेटवा. फॅन आणि कन्सोल चालू, दार बंद, आणि धूर दाराच्या फटीजवळ धरा. धूर बाहेर ढकलला गेला तर काम झालं. आत ओढला गेला तर मागचं भोक पुठ्ठ्याने थोडं थोडं झाका आणि पुन्हा बघा. ही परीक्षा कन्सोलवर जड गेम चालू असतानाच घ्या, कारण तेव्हा त्याचा स्वतःचा फॅनही हवा बाहेर फेकत असतो आणि दाब उतरतो. आठ-दहा सेकंद धूर पुरतो, अख्खी उदबत्ती आत फिरवत बसू नका. तो धूरही फिल्टरवरच बसतो.

आता वीज. पीसी फॅन १२ व्होल्ट डीसीचा असतो आणि त्याच्या स्टिकरवर अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेक ०.१ ते ०.३ च्या दरम्यान. समजा ०.२ आहे. एक फॅन २.४ वॉट, दोन मिळून ४.८ वॉट. यूएसबी ५ व्होल्टचं, म्हणून मध्ये ५ चे १२ व्होल्ट करणारा बूस्टर घालावा लागेल, आणि त्यात पंधरा टक्के गेले तर साडेपाच वॉटच्या वर, म्हणजे १.१ अँपिअर. यूएसबी २.० चा पोर्ट अर्धा अँपिअर देण्यासाठी असतो आणि ३.० चा ०.९. सुरू होताना फॅन चालू प्रवाहापेक्षा जास्त ओढतो, ते वेगळंच. पोर्ट गेला तर मदरबोर्डचं काम निघतं. दोनशे रुपयांच्या अ‍ॅडॅप्टरसाठी ही जोखीम का घ्यायची?

बूस्टरशिवाय १२ व्होल्टचा फॅन सरळ ५ व्होल्टवर लावला तर काही फिरतात, काही नुसते थरथरतात. फिरले तरी उपयोग बेताचा. वेग निम्मा झाला की हवा निम्मी होते, पण दाब पावपट होतो. २० पास्कलचे ५ उरतात, आणि फिल्टरमागे त्यांची डाळ शिजत नाही. यूएसबीवरच चालवायचं असेल तर मुळात ५ व्होल्टचे म्हणून बनवलेले फॅन मिळतात, ते घ्या आणि मोबाइलच्या चार्जरवर लावा.

अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा दोन-तीन फॅनना पुरतो. जुन्या वायफाय राउटरचा किंवा सेट टॉप बॉक्सचा बऱ्याचदा हाच असतो. स्टिकरवर आउटपुट १२ व्होल्ट आणि डीसी आहे ना, हे वाचा. हातात जड लागणारा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला जुना अ‍ॅडॅप्टर असेल तर मल्टिमीटर लावा. तसले लोड नसताना १६-१७ व्होल्टही दाखवतात, ते नकोत. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस, म्हणजे मोबाइल चार्जरसारखा हलका अ‍ॅडॅप्टर घ्या, गावाकडच्या खालीवर होणाऱ्या व्होल्टेजला तो पुरून उरतो. बहुतेकांचं टोक ५.५ बाय २.१ मिमीचं आणि आतली पिन प्लस असते, पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हे. मीटरने बघूनच जोडा.

पीसीचा अख्खा पॉवर सप्लाय हिरवी-काळी वायर जोडून चालू करायची युक्ती चालते. पण पाच वॉटसाठी ते खोकं आणि त्याचा स्वतःचा, धूळ ओढणारा फॅन पाळणं म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग.

मोबाइलच्या टाइप-सी चार्जरवर पीडी ट्रिगर बोर्ड (चार्जरकडून ठरावीक व्होल्ट मागून घेणारं छोटं बोर्ड) लावून १२ व्होल्ट काढता येतात असं सांगितलं जातं. १२ व्होल्ट देणं त्या चार्जरवर बंधनकारक नसतं. कित्येक चार्जर ५, ९, १५ आणि २० च देतात. ट्रिगर ९ वर ठेवला तर मात्र मजेत चालतं, वेग साधारण पाऊणपट आणि आवाज चांगलाच कमी. बोर्डवरचा स्विच चुकून २० वर गेला की फॅन संपला.

फॅनच्या वायरींचे रंग हा सगळ्यात जास्त चुका होणारा भाग, म्हणून नीट वाचा. तीन पिनच्या फॅनमध्ये काळी मायनस, लाल १२ व्होल्ट आणि पिवळी वेग सांगणारी. चार पिनच्या फॅनमध्ये काळी मायनस, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेग सांगणारी आणि निळी वेग नियंत्रणाची. म्हणजे पिवळी एका ठिकाणी वीज आणि दुसऱ्या ठिकाणी सिग्नल. तीन पिनच्या फॅनच्या पिवळीला १२ व्होल्ट दिले तर आतल्या आयसीचं ते आउटपुट जळू शकतं. त्यात भर म्हणून पीसीच्या जाड मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळी १२ आणि लाल ५ व्होल्ट असते. लालला लाल जोडून फॅन हळू का फिरतोय म्हणून डोकं खाजवणारे बरेच असतात. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंग सोडा, पिन मोजा. कनेक्टरच्या ज्या अंगाला दोन उभ्या कडा आहेत त्या पहिल्या तीन पिनांच्या समोर येतात. चार पिनवाल्यात कडा नसलेल्या टोकाची पिन चौथी, तिथून उलटं मोजा. एक मायनस, दोन १२ व्होल्ट, तीन वेगाचा सिग्नल, चार नियंत्रण. तीन आणि चार नंबर कशालाही जोडायच्या नाहीत. चौथी मोकळी राहिली की फॅन पूर्ण वेगाने फिरतो.

फॅनची वायर कापू नका. एकाचे दोन करणारी वाय केबल घ्या, तिचं मदरबोर्डकडचं टोक कापा आणि त्यातल्या फक्त मायनस व १२ व्होल्टच्या वायरी स्क्रूवाल्या डीसी सॉकेटला जोडा. उद्या फॅन बदलायचा झाला तर नुसता खोचायचा. फॅन नेहमी समांतर जोडायचे, एकापुढे एक नाही. प्लसच्या वायरीत १ अँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट घाला. जोडावर टेप गुंडाळू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून सुटते. सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा.

चालू-बंद कसं करायचं? तापमान बघून फॅन चालवणारं डब्ल्यू१२०९ नावाचं छोटं बोर्ड स्वस्तात मिळतं आणि सगळे तेच सुचवतात. धुळीसाठी ते चुकीचं आहे. कन्सोलचा स्वतःचा फॅन चालू होताच हवा ओढू लागतो, कप्पा थंड असो की गरम. आता कोल्हापूरचं वर्ष बघा. उसाचा हंगाम आणि थंडी एकत्रच येतात. डिसेंबरच्या रात्री खोली २० अंशांवर असताना थर्मोस्टॅट फॅन बंद ठेवेल, आणि काजळी पडायचा काळ नेमका तोच. मे महिन्यात काजळी संपलेली असेल तेव्हा तो दिवसभर चालू राहील. फॅन कन्सोलबरोबर चालू व्हायला हवेत.

त्यासाठी ५ व्होल्टचा एक चॅनलवाला रिले मोड्यूल (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) घ्या, प्रत्येक कन्सोलला एक. त्याची कॉइल ७० ते ८० मिलिअँपिअर घेते, पोर्टला त्याचं ओझं होत नाही. जुनी यूएसबी केबल कापा. आत लाल, काळी, पांढरी आणि हिरवी निघतील. पांढरी-हिरवी डेटाच्या, त्या वेगवेगळ्या स्लीव्हमध्ये बंद करा, एकमेकींना लागू देऊ नका. स्वस्त केबलमध्ये रंग फसवे असतात, तेव्हा लाल-काळीवर ५ व्होल्ट येतात का हे मोबाइलच्या चार्जरवर आधी मोजा, कन्सोलवर नाही. लाल मोड्यूलच्या व्हीसीसीला (प्लस), काळी जीएनडीला (मायनस). मोड्यूल लो लेव्हल ट्रिगरचा असेल तर आयएन (इशाऱ्याची) पिन जीएनडीला जोडा, हाय लेव्हलचा असेल तर व्हीसीसीला. आता यूएसबीत वीज आली की रिले टक् करून बसतो.

दुसऱ्या बाजूला अ‍ॅडॅप्टरची प्लस फ्यूजमधून रिलेच्या कॉमला (सामाईक टोक), आणि एनओवरून (रिले बसला की जोडलं जाणारं टोक) फॅनच्या प्लसला. मायनस सरळ. अ‍ॅडॅप्टरची मायनस आणि यूएसबीची काळी एकमेकींना जोडू नका. दोन्ही सर्किटं वेगळी राहावीत यासाठीच रिले घातला आहे. दोन्ही कन्सोल एकाच जोडीचे फॅन वापरणार असतील तर दोन्ही रिलेंचे कॉम एकत्र आणि एनओ एकत्र करा. कुठलाही कन्सोल चालू झाला तरी फॅन फिरतील.

कन्सोल बंद केल्यावर फॅन थांबत नसतील तर रिले खराब झालेला नाही. पीएस५ च्या रेस्ट मोडच्या सेटिंगमध्ये यूएसबी पोर्टना वीज पुरवायचा पर्याय असतो: कायम, तीन तास किंवा बंद. कंट्रोलर कन्सोलवरच चार्ज करत असाल तर तीन तास ठेवा, त्या वेळेत फॅन चालू राहिले तरी बिघडत नाही. नाहीतर बंद करा. एक्सबॉक्समध्ये स्लीप आणि शटडाउन यांतला फरक तसाच आड येतो.

आवाजाबद्दल. वेग निम्मा केला तर फॅनचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि एकाचे दोन फॅन केल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणून एक फॅन जोरात चालवण्यापेक्षा दोन ९ व्होल्टवर चालवणं केव्हाही बरं. त्यासाठी एलएम२५९६ चं बक मोड्यूल, म्हणजे व्होल्ट कमी करणारं बोर्ड घ्या. फॅन न जोडता, आउटपुटवर मीटर लावून छोटा स्क्रू फिरवा. सुरुवातीचे दहा-बारा फेरे काहीच बदलत नाही, घाबरू नका, फिरवत राहा. ९ आले की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. सातच्या खाली जाऊ नका. एलईडी पट्ट्यांचा डिमर किंवा डीसी मोटरचा रेग्युलेटर फॅनला लावणं सगळ्यात वाईट. ते विजेचे तुकडे करून देतात, फॅनमधलं सर्किट दर तुकड्याला बंद-चालू होतं, टिकटिक येते आणि कधी फॅन अडकून बसतो. चार पिनच्या फॅनचा वेग चौथ्या पिनवरच्या २५ किलोहर्ट्झच्या सिग्नलने बदलायचा असतो, आणि त्याचे छोटे कंट्रोलर वेगळे मिळतात.

काही बिघडलं तर कुठे बघायचं तेही सांगतो. फॅन एकदा हलतो, थांबतो, पुन्हा हलतो आणि अ‍ॅडॅप्टरमधून बारीक टकटक येते: अ‍ॅडॅप्टरला लोड झेपत नाही किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. फॅन अजिबात फिरत नाही पण गरमही होत नाही: प्लस-मायनस उलटे. अशात बरेच फॅन वाचतात, सगळे वाचत नाहीत. रिले तडतडतो: यूएसबीची वायर सैल किंवा फार लांब आणि बारीक. फॅनचा स्वर हळूहळू चढत गेलाय: फिल्टर तुंबला. आडवा झोपवून लावलेला जुना फॅन घरघरतो: आतलं तेल संपलेलं स्लीव्ह बेअरिंग. आडव्या जागी बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचाच फॅन लावा.

फाउंड्रीजवळच्या घरांना एक खास त्रास असतो. तिथल्या धुळीत लोखंडाचे बारीक कण असतात आणि फॅनच्या मोटरमध्ये कायमचं चुंबक असतं. कण तिथे जाऊन केसांसारखे उभे राहतात. हेच कण कन्सोलच्या बोर्डवर बसले आणि पावसाळ्यात ओलावले तर पिनांमध्ये वीज झिरपायला वाट मिळते. जाळी चुंबकाच्या पट्टीची घेतलीत तर त्यातले बरेच कण कडेलाच अडकतात. पट्टी ओल्या फडक्याने पुसली तर कण पुन्हा चिकटतात. त्यापेक्षा चिकटपट्टी दाबून उचला.

सफाई नोव्हेंबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याला. जाळी साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण दिवस वाळवा. कापडाचा फिल्टर झटका, दोन-तीनदा झटकून झाला की बदला. पावसाळ्यात ओलसर फिल्टर परत लावला तर बुरशीचा वास पूर्ण खोलीत फिरतो, म्हणून एक जास्तीचा कापून ठेवा. ओल आलेल्या भिंतीला चिकटून फिल्टरचं तोंड ठेवू नका, आणि अ‍ॅडॅप्टर कन्सोलच्या गरम हवेच्या वाटेत नको.

गॅरेजमधला कॉम्प्रेसर कन्सोलवर किंवा फॅनवर मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं आणि जोर इतका की पाती मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग जातं. फिरता फॅन उलट वीजही तयार करतो. ब्लोअर वापरायचाच तर फॅनची जोडणी काढा आणि पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. पीएस५ च्या बाजूच्या पट्ट्या काढल्या की धूळ साठवणारी दोन भोकं दिसतात. प्लग काढून त्यांवर व्हॅक्युम क्लीनरची नळी धरा. फॅन लावण्याआधी एकदा ती साफ करा आणि तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा उघडल्यावर तिथे किती जमलंय ते बघा. करडी धूळ असेल तर दाराच्या किंवा केबलच्या फटीतून हवा येतेय, काळी आणि मऊ असेल तर काजळी फिल्टरमधूनच सुटतेय आणि कापड जाड हवं.